घाण्याचा एक फेरा

जळकोटच्या घाणेवाल्या आप्पांच्या घरात तेलाचा हात न लागलेली वस्तू एकच होती, आणि ती म्हणजे एक जाडजूड उर्दू पुस्तक. बाकी सगळं घर तेलकट. दाराची कडी, पाण्याचा तांब्या, बसायचं पोतं, आप्पांच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरासुद्धा. त्यांच्या घरून आलेल्या माणसाला आमची आई आधी हात धुवायला लावायची आणि मगच चहा द्यायची. पण ते पुस्तक कोरडं ठणठणीत होतं. धुवट धोतराच्या फडक्यात बांधून ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेलं असे, आणि ट्रंक उघडायचं काम आप्पांच्या बायकोचं, निंगव्वाकाकूंचं. आप्पा दोन्ही हात खांद्यापाशी वर धरून चार पावलं लांब उभे राहायचे. मूल पहिल्यांदा उचलून घेताना माणूस जसा घाबरतो, तसे ते त्या पुस्तकाला घाबरायचे.

पुस्तकाचं नाव तबियात. तबियात म्हणजे पदार्थविज्ञान. आता कुणाला खरं वाटणार नाही, पण आमच्या निजामी मुलखात कॉलेजचं सगळं शिक्षण उर्दूत होतं. गणिताला रियाजी म्हणायचं, रसायनाला कीमिया, उष्णतेला हरारत आणि विजेला बर्क. घरी मराठी, शेजारी कानडी आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण उर्दू, अशी आमची तीन तऱ्हांची डोकी. त्यात दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू. कागद मिळेना, म्हणून नेमलेली पुस्तकं छापली जाईनात. हैदराबादला कॉलेजात नाव घालणं एक वेळ सोपं होतं, पण नेमलेलं पुस्तक मिळवणं कठीण. मला प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "घाणेवाल्या आप्पाकडं जाऊन बघ. त्याच्या बसूची पुस्तकं असतील."

बसू हा आप्पांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमच्या गावातून हैदराबादच्या कॉलेजात गेलेला तो पहिला. चार महिने तिथं होता. वसतिगृहात ताप आला, तो उतरलाच नाही. आप्पा मोटारीनं पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. परत येताना त्यांनी पत्र्याची ट्रंक आणली. तिच्यात दोन सदरे, एक शेरवानी आणि तीन पुस्तकं होती. रियाजी आणि कीमिया कोरी होती. तबियातमध्ये मात्र समासात बारीक पेन्सिलीनं बसूनं जागोजाग लिहिलेलं होतं.

मी गेलो तेव्हा आप्पा घाण्यावर होते. बैल फिरत होता आणि ते बैल जुंपलेल्या आडव्या लाकडावर, लाटेवर बसून त्याच्याबरोबर फिरत होते. मी बोलायला लागलो की ते पलीकडं जायचे, आणि उत्तर ऐकायला मला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागायचं. एका फेरीला मी पुस्तकं मागितली. दुसऱ्या फेरीला ते म्हणाले, "ने की." तिसऱ्या फेरीला म्हणाले, "पर एक हाय. सुट्टीला आलास की हितं बसायचं आन् मला एक धडा सांगायचा. समदा. न वगळता." चौथ्या फेरीला बैल थांबवून खाली उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरानं काय वाचलं ते मला कळाय पाहिजे रं."

मग त्यांनी मला जी गोष्ट सांगितली, ती ते गावात सगळ्यांनाच सांगत. बसूनं चार महिन्यांत पुस्तक शेवटाला नेलं होतं. याला पुरावा काय? तर त्याची पेन्सिल. निंगव्वाकाकूंनी फडकं सोडून पुस्तक पाटावर ठेवलं. आप्पांनी ज्वारीचं एक वाळकं धाट उचललं आणि त्याच्या टोकानं, लांबूनच, डावीकडचा पुठ्ठा उघडला. पानामागून पान धाटानं उलटत नेलं. "ही बघ. समदी कोरी. सोपी असतील, काय लिवायचं त्यात? आता बघ, शेवटाला कशी पेन्सिल लागली ती. अवघड हाय म्हणून लिवलंय. हितवर आला हुता बसू." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मीही मान डोलावली.

ती चूक माझ्या ध्यानात आली हैदराबादला पोचल्यावर. वसतिगृहातल्या खाटेवर बसून मी पुस्तक उघडलं. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, तसं उघडलं, आणि पहिल्याच पानावर बसूची पेन्सिल दिसली. दुसऱ्या पानावर होती, दहाव्यावर होती, विसाव्या-बाविसाव्या पानापर्यंत होती. तिथून पुढं शेवटपर्यंत पुस्तक कोरं. उर्दूची ओळ उजवीकडून चालते हे आप्पांनाही ठाऊक होतं. सरकारी कागद त्यांनी थोडे का पाहिले होते? पण तो एकेक सुटा कागद. अख्खं पुस्तकच त्या बाजूनं सुरू होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते आपल्या पोथीसारखं उघडत होते. ज्याला ते शेवट समजत होते, ती सुरुवात होती. बसू शेवटाला गेलाच नव्हता. पहिला धडासुद्धा त्याचा पुरता झाला नव्हता.

त्या धड्याचं नाव पैमाइश, म्हणजे मोजमाप. फूटपट्टी कशी धरावी, दोऱ्यानं गोल वस्तू कशी मोजावी, असला तो धडा. बसूच्या टिपा साध्या होत्या, अवघड शब्दांचे अर्थ वगैरे. फक्त शेवटची टीप वेगळी होती. तिथं त्यानं उर्दू लिपीत पण मराठीत लिहिलं होतं, "आप्पांना विचारणे. घाण्याचा एक फेरा किती हात?"

मी पुस्तक मिटलं. हे आप्पांना जाऊन सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती टीप वाचून दाखवायची म्हणजे ती कुठल्या पानावर आहे तेही सांगावं लागणार. 'हितवर आला हुता बसू' म्हणतानाचा त्यांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. अठरा वर्षांच्या पोरात तेवढं धैर्य नव्हतं. मी ठरवलं की तो धडा येईल तेव्हा सांगू. निदान स्वतःची तशी समजूत घातली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घाण्यावर हजर झालो. आप्पांनी धाटानं डावा पुठ्ठा उघडला. "हितनं. पयल्या धड्यापासनं."

तो पुस्तकातला शेवटचा धडा होता, बर्क. आम्हाला कॉलेजात अजून लांबीरुंदीच चालू होती. जळकोटात वीज नव्हती, मला ती समजली नव्हती, आणि समोर बसलेल्या माणसाला ती समदी, न वगळता, ऐकायची होती. मला घाम फुटला.

आप्पांची एक रीत होती. पुस्तक मिटलेलं असेतो मी 'दिग्या'. "दिग्या, बैलाला पेंड टाक", "दिग्या, बाप काय करतोय?" पण पुस्तक उघडलं की मी 'गुरुजी', आणि अहोजाहो. पोत्यावरून उठून ते खाली जमिनीवर बसायचे आणि मला पाटाशेजारी पोत्यावर बसवायचे. पुस्तक मिटल्याबरोबर पुन्हा दिग्या. मध्येच वाऱ्यानं पुस्तक मिटलं तर क्षणभर त्यांचीच गफलत व्हायची, आणि "दिग्या, नव्हं, गुरुजी," असं काहीतरी निघायचं.

दुसरी रीत म्हणजे त्यांचा प्रश्न. मी काहीही सांगितलं की ते विचारायचे, "कुणी बघितलं?" तारेतून बर्क वाहते. "कुणी बघितलं?" पुस्तकात आहे. "पुस्तकवाल्यानं तरी बघितली का?" या प्रश्नानं मी रडकुंडीला यायचो. शेवटी आप्पाच उठले. नाक्यावरचे पोलीस अंमलदार, अमीनसाहेब, यांच्याकडं सरकारी बॅटरी होती. आप्पा त्यांच्याकडं गेले आणि ती उघडून आत काय आहे ते दाखवा म्हणाले. सरकारी बॅटरी रयतेला उघडून दाखवायची की नाही, याबद्दल काही हुकूम नसल्यामुळं अमीनसाहेब पेचात पडले. अखेर शेरभर करडीच्या तेलावर प्रकरण मिटलं. आप्पांनी ते मसाले, म्हणजे आतले सेल, बघितले, कुठलं टोक कुठं टेकतं ते बघितलं, आणि टोक सुटलं की दिवा जातो हे दहा वेळा करून बघितलं. परत आल्यावर मला म्हणाले, "गुरुजी, तुमची बर्क बी बैलावानीच हाय. फेरा पुरा झाला तरच काम करती." पुढं चाळीस वर्षं मी शाळेत विद्युतमंडल शिकवलं ते याच वाक्यानं. पुस्तकात ते कुठंच नव्हतं.

बर्क संपायला दोन सुट्ट्या लागल्या. मग मकनातीस, म्हणजे चुंबक. मी सुई चुंबकावर घासून झाडाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवली आणि वाडग्यातल्या पाण्यात तरंगवली. सुई फिरून उत्तरेला थांबली. आप्पांनी घाण्याच्या चारी बाजूंना वाडगं नेऊन ठेवून पाहिलं. मग म्हणाले, "तेलात?" मला माहीत नव्हतं. तेलात ठेवली. सुई फिरली, पण इतकी सावकाश की मध्ये निंगव्वाकाकूंची भाकरी थापून झाली. आप्पा हलले नाहीत. सुई उत्तरेला आली तसे खूश होऊन म्हणाले, "येळ लागला, पर जागा तीच." काकू आतून ओरडल्या, "साकु बिडु!" म्हणजे कानडीत पुरे करा आता. त्या असं रोजच म्हणायच्या, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

माझी इंटरची परीक्षा झाली आणि पुस्तक अणदूरच्या रज्जाककडं गेलं. तो माझ्या मागून कॉलेजात आला. अट तीच. पहिल्याच सुट्टीत तो सडकेवर मला भेटला आणि काहीही विचारायच्या आधी म्हणाला, "तूने देखा ना? वो पहले सबक में?" मी हो म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "नक्को बोल यार. बुड्ढे का दिल टूट जाता." दोघांनी मिळून केलेला गुन्हा एकट्यानं केलेल्या गुन्ह्याइतका टोचत नाही. आम्ही दोघंही गप्प राहिलो.

रज्जाकनं आवाज आणि नूर हे दोन धडे सांगितले. नूर म्हणजे प्रकाश. त्याची ती कमाल अजून गावात सांगतात. त्यानं एक कोरा कागद घेतला, आप्पांना त्यावर अंगठा दाबायला सांगितला आणि कागद उन्हात धरला. बाकी कागद अपारदर्शक, आणि अंगठ्याएवढ्या जागेतून पलीकडचं झाड दिसतंय. जन्मभर तेलात हात असलेला माणूस स्वतःच्या अंगठ्याची ही करणी बघून थक्क झाला. मग दोन दिवस हाताला येईल त्या कागदावर अंगठे उठवत बसले. त्या तबियातवर मात्र नाही. तिच्यासाठी धाटच.

हरारतच्या धड्यापर्यंत मी पदवी घेऊन उस्मानाबादच्या एका शाळेत मास्तर झालो होतो, आणि रज्जाक हैदराबादला नोकरीला लागला होता. म्हणून धडे पुन्हा माझ्याकडं आले. सुट्टीला आलो की सदरा बदलायच्या आधी निरोप यायचा, "गुरुजी आले का म्हणं." हरारतला त्यांच्याकडं स्वतःचाच प्रश्न तयार होता. "घाण्याखाली चूल न्हाय, जाळ न्हाय. मग तेल कोमट कसं निघतं? बापाला इच्यारलं हुतं. बाप म्हणला, निघतं." मी सांगितलं की घासण्यानं ऊब येते, आणि ती ऊब म्हणजे बैलाचे कष्ट; कष्ट वाया जात नाहीत, ऊब होऊन राहतात. हे ऐकून "कुणी बघितलं?" हा प्रश्न पहिल्यांदाच आला नाही. ते उठले, बैलाच्या पाठीवर हात ठेवला, मग तेलाच्या भांड्याला हात लावला, आणि पुन्हा बैलाकडं गेले. "म्हंजी लोक हेच्या अंगाची ऊब घिऊन जात्यात घरला," असं म्हणून त्यांनी त्याला दिवसभर सुट्टी दिली.

मला मात्र आता धास्ती वाटायला लागली होती. पुढचा धडा हरकत, म्हणजे गती. आणि त्यानंतर पैमाइश. दोनच धडे राहिले होते. आप्पांना वाटत होतं की आपण आता अवघड भागाकडं, बसूच्या पेन्सिलीकडं चाललो आहोत. ते तसं बोलूनही दाखवायचे. "आता बसू जवळ आला, गुरुजी." एवढं बोलून ते धाटानं पुढच्या पानांकडं दाखवायचे, आणि मी मान खाली घालून वाचायला लागायचो.

हरकतचा धडा झाला आणि मुलखाचं सगळं बिनसलं. रझाकारांचे दिवस आले. शाळा बंद पडली. माझ्यासारखे कितीतरी लोक सरहद्द ओलांडून सोलापूरला गेले. मी तिथं वर्ष काढलं. गावाकडच्या बातम्या यायच्या त्या ऐकवत नसत. आईवडिलांची काळजी तर होतीच, पण खोटं कशाला बोलू, त्या पानावरची ती टीपही मला छळत होती. आप्पांना काही झालं तर? बापाला विचारायचा प्रश्न पोरानं लिहून ठेवला होता, तो बापापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडं आलं होतं, आणि मी सहा वर्षं तो दडवून ठेवला होता. कुणाचं मन राखायला? त्यांचं की माझं?

पोलीस ॲक्शन झाली आणि मी गावी परतलो. आप्पा होते. थकले होते, एका डोळ्यात फूल पडलं होतं, पण घाणा चालू होता. सडकेवर आता इंजिनाची गिरणी आली होती, तेव्हा घाण्याला काम बेताचंच उरलं होतं. पुस्तकाची मात्र एक हकिकत झाली होती. रझाकारांच्या धुमाळीत त्यांनी ट्रंक कडब्याच्या गंजीत लपवली. सगळं शांत झाल्यावर ती बाहेर काढली, तर गावातली चार तरुण पोरं दारात येऊन म्हणाली, "आप्पा, उर्दू पुस्तक जाळून टाका. आता ते राज्य गेलं." आप्पांनी त्यांना आत बोलावून बसवलं आणि विचारलं, "ह्यात काय हाय म्हाईत हाय का? ह्यात सुई हाय, बैल हाय आन् तेल हाय. जाळायचं काय त्यातलं?" मग त्यांना तेलात सुई फिरवून दाखवली. निंगव्वाकाकूंची भाकरी थापून होईतो ती पोरं तिथंच बसून राहिली. पुस्तकाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

कॉलेजातून मात्र ते पुस्तक गेलं. आता सगळं इंग्रजीत चालणार होतं. तबियात, रियाजी, कीमिया, एकही नेमलेलं राहिलं नाही. जे पुस्तक मिळावं म्हणून आम्ही जीव टाकत होतो, ते आता रद्दीवालाही घेईना. मी आप्पांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कालिजाला नको आसंल. आपला एक धडा ऱ्हायलाय."

तो उन्हाळा होता. दुपारची वेळ. बैल सोडून दावणीला बांधला होता. काकूंनी फडकं सोडलं. आप्पा जमिनीवर बसले, मी पोत्यावर बसलो, आणि मला एकदम सगळं खरंखरं सांगून टाकावंसं वाटलं. पण मी सरळ वाचायलाच लागलो. लांबी कशाला म्हणतात. फूटपट्टी कशी धरावी. हाताचं माप माणसागणिक बदलतं, म्हणून सगळ्यांनी एक ठरलेलं माप का घ्यावं. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटत होता. आप्पांनी एकदाही "कुणी बघितलं?" म्हटलं नाही. एक पान झालं, दोन झाली. मग ते म्हणाले, "थांबा गुरुजी."

मी थांबलो.

"हा पुस्तकातला पयला धडा हाय. व्हय का न्हाय?"

मी होकारार्थी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"बर्क सांगताना तुमास्नी घाम फुटत हुता," आप्पा म्हणाले. "मकनातीसला थोडा कमी. हरकत तर तुम्ही शेंगा खात खात सांगितली. वर चढताना मानूस शेंगा खातो व्हय? तवाच म्या म्हणलं, आपण उतरतीला लागलोय."

"मग विचारलं का नाही?"

"इच्यारलं असतं तर तुम्ही लाजला असता. आन् आलाच नसता." एवढी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना सांभाळून घेतोय. मग ते सावकाश म्हणाले, "म्हंजी बसू दारातच हुता. आत गेलाच न्हाय. आमी परसदारानं शिरलो आन् समदं घर हिंडून त्येच्यापाशी आलो. चांगलं झालं. न्हाय तर त्येला एकट्याला दारात सोडून आमी फुडं गेलो असतो."

निंगव्वाकाकू आत निघून गेल्या. त्या दिवशी त्या साकु म्हणाल्या नाहीत.

मग मी ते सांगितलं. म्हटलं, आप्पा, बसूनं शेवटी एक ओळ लिहून ठेवली आहे. तुमच्यासाठी आहे. मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती आणि तुम्हाला सांगितली नाही. माझं चुकलं. आणि मी वाचली, "आप्पांना विचारणे. घाण्याचा एक फेरा किती हात?"

आप्पांनी मला ती पुन्हा वाचायला सांगितली. मग पुन्हा एकदा. मला वाटलं ते रडतील, किंवा माझ्यावर चिडतील, आणि त्यांनी तसं केलंच पाहिजे होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आला तो वेगळाच गोंधळ, धडा न करता आलेल्या मुलाच्या तोंडावर असतो तसा. "किती हात?" ते स्वतःशीच म्हणाले. "बाप फिरला, म्या फिरलो, बैल किती झाले. पर मोजलं न्हाय रं कुणी."

मी लगबगीनं म्हणालो की लाटेची लांबी मोजली तर फेऱ्याचं माप गणितानं काढता येतं. मधल्या उखळापासून बैलाच्या वाटेपर्यंत साडेचार हात धरले, तर अठ्ठावीस हात आणि वर काही बोटं. आप्पांनी मान हलवली. "कुणी बघितलं?"

त्यांनी खुंटीवरचा कासरा काढला. बैलाच्या पायांनी जमिनीत जी गोल चाकोरी पडली होती, तिच्यात त्याचं टोक दगडाखाली दाबलं आणि ओणवे होऊन दोरी चाकोरीतून टाकत निघाले. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, म्हणून मधून मधून हातानं खड्डा चाचपायचे. मी धरायला गेलो तर मला बाजूला सारलं. फेरा पुरा झाला तिथं त्यांनी दोरीला गाठ मारली, आणि ती सरळ करून कोपरापासून बोटापर्यंत मोजायला लागले. एक हात, दोन हात.

मध्येच ते थांबले. "गुरुजी, आत्ता तुम्ही वाचलं की मानसागणिक हात बदलतो. मग बसूनं कुणाचा हात धरला असंल?"

मी दोरी धरलेल्या त्यांच्या हाताकडं पाहिलं.

"त्येचा हात माझ्याएवढाच झाला हुता," ते म्हणाले. "गेला त्या साली दोघांनी लावून बघितला हुता." आणि पुढं मोजत गेले.

एकोणतीस भरले. माझ्या गणितापेक्षा जवळजवळ पाऊण हात जास्त. मी म्हटलं, आप्पा, कुठंतरी चुकलं. ते हसले आणि दारापाशी चाकोरी जरा बाहेर फुगली होती, ती जागा दाखवली. "हितं पेंडीची पाटी असती. बैल हितं एक पाऊल भायेर टाकतो. तुमच्या गणिताला पेंड म्हाईत न्हाय."

मी पुस्तकाकडं वळलो. पाटावर ते अजून उघडंच होतं. आप्पा माझ्यामागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दिग्या, लिव."

पुस्तक उघडं असताना ते मला दिग्या म्हणाले, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं. मी बसूच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं, "एकोणतीस हात." त्यांनी विचारलं, "माझं नाव?" मी म्हटलं, तुम्ही मोडीत सही करा. ते नको म्हणाले. खाली बसले, उजव्या हाताचा अंगठा क्षणभर हवेत धरला, आणि त्या पानावर, माझ्या अक्षराशेजारी, दाबला. इतकी वर्षं धाटानं पानं उलटणारा तो माणूस नंतर त्या पानावर हात तसाच ठेवून बसून राहिला.

त्यानंतर आम्ही पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं, या खेपेला उजवीकडून, बसूच्या बाजूनं. हरकत झालं. हरारत अर्धं झालं होतं, तेव्हा आप्पा गेले. बारा दिवस झाल्यावर निंगव्वाकाकूंनी ट्रंक उघडून पुस्तक माझ्या हातात दिलं. धोतराचं फडकं मात्र स्वतःकडं ठेवलं.

तबियात आता माझ्या कपाटात आहे. आमच्या घरात उर्दू वाचणारा मी एकटाच उरलो आहे. बाकीचं पुस्तक पिवळं पडलं, कडा झडायला लागल्या. त्या पानावरचं तेल मात्र हळूहळू पसरत गेलं आहे. आधी अंगठ्याएवढं होतं, आता तळहाताएवढं झालं आहे. बसूचा प्रश्न त्यात आला, एकोणतीस हात त्यात आले, आणि पलीकडच्या पानाच्या पहिल्या चार ओळीही त्यातून दिसतात. त्या वाचायला पान उलटावं लागत नाही.